चाळीस दात, सहा दात

मी लॉरीचा मागचा ॲक्सल. लॉरी दारात येऊन उभी राहिली की तुम्ही तिचं नाक बघता, दिवे बघता, भोंगा वाजवून बघता. वाकून मागच्या दोन चाकांच्या मध्ये कोण बघतो? तिथे चिखलात तोंड घालून मी असतो. सगळं ओझं माझ्या पाठीवर आणि शाबासकी मात्र इंजिनाला. असो, रुसायचं वय गेलं माझं. आज लॉरीही नाही आणि चाकंही नाहीत. लोंढ्याच्या अलीकडच्या एका वाडीत मनुबाईच्या अंगणात मी फणसाखाली आडवा पडलोय. माझं पोट उघडं आहे. त्यात पावसाचं पाणी साचतं आणि कोंबड्या ते पितात.

मला कुणी विचारलेलं नाही, तरी मी बोलणार आहे. माझ्या पोटात जे घडलं त्यामुळे एक माणूस मेला, आणि तो माणूस असा की त्यानेच मला निवडलं होतं.

आधी माझं पोट समजून घ्या, म्हणजे पुढचं अडणार नाही. इंजिनाकडून एक लांब दांडा मागे येतो. त्याच्या टोकाला सहा दातांचं एक लहान चाक असतं, त्याला पिनियन म्हणतात. ते ताटाएवढ्या मोठ्या चाकात दात अडकवून फिरतं. त्या मोठ्याला क्राउन म्हणतात, त्याचे दात चाळीस. लहान्याने साडेसहाच्या वर गिरक्या घ्याव्यात तेव्हा मोठा एकदा फिरतो, आणि मोठा फिरला की लॉरीची चाकं फिरतात. म्हणून मी हळू. पण म्हणूनच बळकट. चढावर मी ओझं ओढतो आणि उतारावर त्याच दातांनी ते मागे धरून ठेवतो.

माझा जन्म समुद्रापलीकडचा, सन बेचाळीसचा. तिथल्या कारखान्यात माझा क्राउन आणि पिनियन एकमेकांत अडकवून, तेलात बारीक पूड घालून, कितीतरी वेळ फिरवत ठेवले होते. दात दाताला घासत होता, खुपत होता, शेवटी बसत होता. आवाज पुरता थांबला तेव्हा एका माणसाने ठोकणी घेऊन दोघांवर एकच आकडा उमटवला, ११६८. त्या दिवसापासून आमचा जोड झाला. एकाची झीज दुसऱ्याला ठाऊक. दुसऱ्या कुणाबरोबर आमचं जमायचं नाही, हे त्या आकड्याचं सांगणं होतं.

मग बोट, मग आगगाडी, मग आसामचे डोंगर. तिथे लढाई होती. मी ती पाहिली नाही, मला डोळे नाहीत. मी ती पाठीवर झेलली. एकदा चढावर पुढची लॉरी घसरली. तिचा ॲक्सल पळणारा, सडकेचा. ओझं घेऊन त्याला चिखलाचा चढ धरवेना. ती मागे आली, आमच्या तोंडावर आदळली, पेटली, आणि आत अडकलेला माणूस ओरडत राहिला, तो ओरडायचा थांबेपर्यंत. दुसऱ्या एका दिवशी माझ्याच चालकाला गोळी लागली. त्याला मागे फळ्यांवर निजवून नेलं. त्याचं रक्त फटींतून खाली ठिबकलं आणि माझ्या तापलेल्या पाठीवर वाळून गेलं. तीच फैर माझ्या पोटालाही लागली. लोखंड चेपलं, फुटलं नाही. तो खड्डा अजून आहे, मनुबाईची मांजरी त्यात पंजा घालते.

लढाई संपली आणि आम्ही उरलेले सगळे नकोसे झालो. मी बेळगावला, कॅम्पाजवळच्या एका मैदानात, लिलावासाठी रांगेत उभा राहिलो. सन सेहेचाळीसचा माघ महिना असेल. निपाणीचे मगदूम बंधू तिथे आले. थोरले कुंथुनाथ, तंबाखूचे व्यापारी. पांढरंशुभ्र धोतर, हातात वेताची काठी. धाकटे तवनाप्पा, त्यांनी लोंढ्याच्या रानातल्या सागाचा ठेका घेतला होता. त्यांना दोन लॉऱ्या हव्या होत्या. निवडायला त्यांनी नागोजीला आणलं होतं. नागोजी इथल्याच वाडीचा. लढाईत आसामच्या डोंगरात लॉरी चालवून जिवंत परत आलेला.

सगळी गिऱ्हाइकं रंग बघत होती, टायरांना लाथा मारत होती. नागोजीने मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलली. एका चाकावर खडूने रेघ मारली आणि धाकट्या भावाला, भरमूला, म्हणाला, "रेघ परत हितंच आली की वरड." मग तो पाठीवर सरपटत माझ्याखाली शिरला आणि दांडा हाताने फिरवू लागला. तोंडाने मोजत होता.

पहिल्या लॉरीला पाचाच्या थोडे वर फेरे झाले. "ही पळणारी हाय," नागोजी म्हणाला. "सडकेला बेस."

माझ्याजवळ त्याचे साडेसहा उलटून गेले तेव्हा भरमू ओरडला. नागोजी खालून उठला नाही. त्याने माझ्या पोटावर हात फिरवला, गोळीच्या खड्ड्यात बोट घातलं आणि थोडा वेळ तसाच पडून राहिला. मला वाटतं त्याला आसाम आठवलं असावं.

"आप्पा, रानाला ही घ्या," बाहेर येऊन तो तवनाप्पांना म्हणाला. "ही पळायची न्हाय. पर सागाचं वझं घिऊन उतार उतरायचा तर हीच. ही उताराला दातानं धरती."

कुंथुनाथांनी माझ्याकडे काठी रोखली. "लॉरी घ्यायला आलोय का रेडा?"

"रानात मला जायाचं हाय, अण्णा," तवनाप्पा म्हणाले. "मला रेडाच बरा."

थोरल्यांना हे आवडलं नाही. पण पळणारी लॉरी आपल्यासाठी आणि रेडा धाकट्यासाठी, असं करून दोन्ही घेतल्या. नागोजीने हट्टाने आणखी एक गोष्ट घ्यायला लावली: एक बंद लाकडी पेटी. तिच्यात माझ्याच जातीचा नवाकोरा क्राउन आणि पिनियन होता, तेलकट कागदात गुंडाळलेला. दोघांवर एकच आकडा, ४१७. "मोडलं तर असावा," तो म्हणाला. "दोनी एकदमच बदलायचं असतंय."

रानातले ते दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. सागाचे ओंडके साखळदंडाने बांधून आम्ही डोंगरावरून लोंढ्याच्या स्टेशनात उतरवत असू. तो उतार दीड मैलाचा. एका अंगाला डोंगराची भिंत, दुसऱ्या अंगाला ओढ्याची दरी. माझ्या लॉरीचा हातब्रेक चाकांना धरत नसे. तो त्या लांब दांड्याला धरत असे. म्हणजे मी शाबूत तोवर हातब्रेकही शाबूत. पायाचा ब्रेक होता, पण सागाच्या ओझ्याखाली अर्ध्या उतारातच तापून मऊ पडायचा. नागोजीला हे सगळं पाठ होतं. खाली पोचलं की तो आधी माझ्या पोटावर तळवा ठेवायचा, ताप बघायला. मग बिडी पेटवायचा. मला तो हात लई आवडायचा. लई म्हणायची सवय मला त्याच्याचमुळे लागली.

पण माणसं स्वस्थ बसतील तर ना. चैत्रात थोरल्यांची पळणारी लॉरी टायर फाटून उभी राहिली आणि सदलग्याला त्यांची तंबाखूची पोती भरून तयार. त्यांनी नागोजीला आणि मला बोलावून घेतलं. पोती लादली, ताडपत्री टाकली आणि निपाणीच्या वाटेला लागलो, तोच आभाळ काळं झालं.

"पळीव," कुंथुनाथ म्हणाले. ते नागोजीच्या शेजारी बसले होते.

"ह्याच्याम्होरं ही पळत न्हाय, अण्णा. तवाच सांगितलंतं."

वळीव कोसळला. वाऱ्याने ताडपत्री फाटली. मागे पोती भिजत होती, मी माझ्या चालीने चालत होतो, आणि थोरल्यांना माझ्यावर हात उगारता येईना म्हणून त्यांनी तो नागोजीवर उगारला. काठी त्याच्या तोंडावर बसली. मग पुन्हा. तिसऱ्यांदा बसली तेव्हा डोळ्याखालची कातडी फाटली. नागोजीने एकदाही हातातलं चाक सोडलं नाही आणि एकदाही शिवी दिली नाही. मी खालून सगळं ऐकत होतो. जन्मात पहिल्यांदा मला मी हळू असल्याची लाज वाटली.

निपाणीत मगदुमांच्या दारात लॉरी थांबली. तवनाप्पा ओसरीवर उभे होते. त्यांनी नागोजीचं तोंड पाहिलं. लॉरीच्या पेटीतून मोठा पाना काढला आणि खाली उतरणाऱ्या थोरल्या भावाच्या डोक्यात घातला. ज्या घरात पाणी गाळून पितात, दिवस मावळायच्या आत जेवण आटोपतात, दिव्यावर किडा येऊ नये म्हणून जपतात, त्या घराच्या पायरीवर माणसाचं रक्त सांडलं. ते पावसाबरोबर वाहत माझ्या चाकाखालून गेलं. आसामनंतर मला वाटलं होतं की आता हे सोसावं लागणार नाही.

कुंथुनाथ वाचले, पण घर फुटलं. त्यांची आई ब्राह्मी, जिला सगळे अव्वा म्हणत, ती मधल्या खोलीत चटई टाकून बसली आणि म्हणाली, "दोघांस्नी सारखं. ह्याला एक तर त्याला एक. कुणी कमी म्हणायला नको." आणि मग वाटणी अशी झाली की हसावं की रडावं. समयांच्या जोडीतली एक समई इकडे, एक तिकडे. दाराचं पितळी कुलूप थोरल्याला मिळालं आणि त्याची किल्ली धाकट्याला. दोघे भाऊ दोन भिंतींना पाठ लावून बसले होते, थोरल्याच्या डोक्याला फडकं, आणि प्रत्येक वस्तूला दोघेही फक्त "चालंल" म्हणत होते.

जातं आलं तेव्हा मात्र तवनाप्पांची बायको राजमती पुढे झाली. डोक्यावरचा पदर न ढळू देता म्हणाली, "वरचा दगड एकाला आणि खालचा एकाला दिला, तर दळायचं कुणी, अव्वा?"

बायका हसल्या. अव्वाही हसली. जातं तसंच मधल्या खोलीत राहिलं, दोन्ही घरांनी दळण दळावं म्हणून.

मग ती लाकडी पेटी उघडली. तेलकट कागद सुटला. एक मोठं चाक, एक लहान. दारात उभा असलेला नागोजी न बोलावता बोलला, "अव्वा, त्यो जोड हाय. फोडू नगासा."

"दोन नग हाईत," कुंथुनाथ म्हणाले. त्यांना नागोजीकडून ऐकून घ्यायचं नव्हतं. "एकेक."

"एकेक," तवनाप्पाही म्हणाले. त्यांना भावाकडून काही मागून घ्यायचं नव्हतं.

क्राउन थोरल्याच्या कपाटात गेला. पिनियन धाकट्याने लॉरीत टाकला. दळणाचे दगड दगडच असतात, पण ते फोडू नयेत हे घरातल्या सगळ्यांना कळलं होतं. लोखंडाचं तसंच असतं, हे एकट्या चालकाला ठाऊक होतं आणि तो तर दाराबाहेर उभा होता.

पुढच्या वर्षी शिमग्याच्या सुमारास रानातल्या एका ओल्या चढावर माझ्या पिनियनचा दात तुटला. कडकन आवाज झाला, लॉरी हिसका देऊन थांबली, भरमूने मागच्या चाकाखाली दगड लावला म्हणून बरं. भरमूचं कामच ते होतं. वळणावळणाला दगड घेऊन लॉरीमागून चालणं. नागोजीने माझं पोट उघडलं. पिनियन गेला होता. क्राउनचे चाळीस दात दिसायला शाबूत होते. एका दाताच्या मुळाशी केसाएवढी चीर गेली होती, ती त्यालाही दिसली नाही. मला कळत होती, पण मला कोण विचारतो?

"आप्पा, थोरल्या अण्णांकडनं त्यो क्राउन आणा," नागोजी म्हणाला. "माझं तोंड त्यास्नी चालायचं न्हाय. तुमीच जावा."

"त्याच्या दारात मी? मेलो तरी न्हाय." तवनाप्पांनी आपला पिनियन काढला. "ह्याला सहाच दात, त्यालाबी सहाच. फरक काय हाय? बसीव. स्टेशनात वॅगन लागून उभी हाय."

"बसंल. पर जमायचं न्हाय."

बसवला. ४१७ चा पिनियन आणि ११६८ चा क्राउन. मी काय भोगलं ते कसं सांगू? तो नवा, धारदार, अनोळखी. आपल्या जोडीदाराच्या दातांना सरावलेला. माझा क्राउन चार वर्षं झिजलेला, वेगळ्याच दातांच्या सवयीचा. प्रत्येक फेऱ्याला दात दाताच्या अंगावर जायचा. मी भुंकायला लागलो. अर्धा मैलभर ऐकू जायचं. तो आवाज म्हणजे माझं ओरडून सांगणं होतं.

आणि तवनाप्पांनी माझं तोंड बंद केलं. बेळगावहून एक मिस्त्री आणला. त्याने कापणीच्या जागेवरून सागाचा भुसा ओंजळीने उचलला, चाळला आणि माझ्या तेलात मिसळला. भुसा दातांच्या मध्ये गादीसारखा बसला. माझा आवाज गप्प झाला. तवनाप्पा खूश झाले, "बघ, जमलं की."

नागोजीने खाली पोचल्यावर माझ्या पोटावर तळवा ठेवला आणि चटकन उचलला. "आवाज गेलाय," तो म्हणाला. "ताप हाय तसाच हाय."

त्याची बायको मनुबाई दुपारची भाकरी घेऊन यायची. त्या दिवशी ती तिथेच होती. तिने नवऱ्याचा भाजलेला तळवा पाहिला. "सोडा की हे काम," ती म्हणाली. "आपलं भात हाय, नाचणी हाय."

"आप्पांनी माझ्यापायी सख्ख्या भावाचं डोस्कं फोडलं, मने. त्यास्नी रानात एकटं कसं टाकू?"

 दुसऱ्या दिवशी सकाळी मनुबाई कुणालाही न सांगता आगगाडीने बेळगावला आणि तिथून मोटारीने निपाणीला गेली. राजमतीच्या मागल्या दारी बसून तिने सगळं सांगितलं. पुढे काय झालं ते राजमतीनेच नंतर या अंगणात बसून सांगितलं, म्हणून मला माहीत.

राजमती जन्मात कधी थोरल्या दिराच्या समोर उभी राहिली नव्हती. ती मधल्या खोलीत गेली. जात्याचा वरचा दगड खुंट्यासकट उचलून छातीशी धरला, थोरल्यांच्या ओसरीवर नेला आणि त्यांच्या पुढ्यात ठेवला. शेजारी सूपभर जोंधळे ठेवले.

"एवढ्यावर दळून दावा, भावजी," ती म्हणाली.

कुंथुनाथ त्या दगडाकडे बघत बसले. त्यांच्या डोक्यावरची खूण केसांत दिसत होती. त्यांनी विचारलं, "त्यो नागोजी रोज उतरतोय?"

"रोज. तुमचा क्राउन हितं कपाटात आणि त्याचा जीव तितं उतारावर."

थोरले उठले. कपाट उघडलं. क्राउन एका जुन्या धोतरात गुंडाळला आणि नोकराला न देता स्वतः घेऊन निघाले. लोंढ्याला उतरून त्यांनी भाड्याची बैलगाडी केली आणि रानाचा चढ धरला. एक दिवस आधी निघाले असते तर? हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारलाय. 

ती दुपारची खेप होती. नऊ मोठे ओंडके. नागोजी चाकावर, तवनाप्पा बाजूच्या पायरीवर दाराशेजारची कडी धरून उभे, भरमू दगड घेऊन मागे. उताराचा पाव भाग सरला असेल, तेव्हा माझा तो चिरलेला दात गेला. त्याचा तुकडा पुढच्या फेऱ्यात दोघांच्या मध्ये सापडला. मग एकामागून एक दात उडाले. भुशाच्या गादीने आवाज दाबला होता, तो आता एकदम फुटला. अकरा दात गेल्यावर पिनियन मोकळा फिरू लागला, आणि इंजिन कुठे, चाकं कुठे. मी ओझं सोडलं. ज्या एका कामासाठी नागोजीने मला निवडलं होतं, ते मी सोडलं.

त्याने हातब्रेक ओढला. दांडा जागच्या जागी थांबला, धूर आला, आणि चाकं मात्र फिरतच राहिली. पायाचा ब्रेक दाबला. तो पहिल्यांदा धरला, मग घसरला, मग मऊ पडला. भरमू धावत आला आणि त्याने चाकाखाली दगड टाकला. चाक दगडावरून उडून गेलं.

"आप्पा, उडी टाका," नागोजी म्हणाला. तवनाप्पा चिकटून राहिले. नागोजीने दार उघडून त्यांच्या छातीत लाथ घातली. ते डोंगराच्या अंगाला पडले आणि त्यांचा हात मोडला. त्यांच्या मागोमाग नागोजीलाही उडी टाकता आली असती. तेवढा वेळ होता.

पण पुढच्या वळणावर बैलगाडी आली. अरुंद वाट, एका अंगाला दरी. गाडीत पांढऱ्या धोतरातले कुंथुनाथ, मांडीवर गाठोडं. बैल जागच्या जागी थिजले होते. नागोजीने पाहिलं ते कोण आहे. मला खात्री आहे की त्याने पाहिलं, कारण क्षणभर चाकावरचा त्याचा हात थांबला. मग त्याने ते सगळं डोंगराकडे वळवलं.

लॉरीचं नाक भिंतीत घुसून वर चढलं. ती थांबली, पण मागचं ओझं थांबलं नाही. साखळदंड तुटला. नऊच्या नऊ ओंडके पुढे सरकले आणि चालकाच्या पाठीमागची फळी फोडून आत गेले. ते ओझं माझ्या पाठीवरून गेलं. मला त्याचा प्रत्येक इंच आठवतो. नागोजीचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने फळ्यांवरून मागे ओघळत आलेलं काही कोमट फटींतून खाली ठिबकलं आणि माझ्या तापलेल्या पाठीवर वाळायला लागलं. मला ते ओळखीचं होतं.

ओंडके काढायला दिवस कलला. भरमू आणि कुंथुनाथ, दोघे खांद्याला खांदा लावून उचलत होते. मोडका हात लोंबवत तवनाप्पा आले. तेव्हा भरमूने चाकाखाली लावायचा तो दगड उचलला आणि त्यांच्या अंगावर धावून गेला. कुंथुनाथ मध्ये पडले. दगड त्यांच्या खांद्यावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनी हात उचलला नाही. "मला मार, अण्णाला सोड," तवनाप्पा म्हणाले. भरमूने दगड टाकला आणि तो वाटेवर बसून रडू लागला. दोघे भाऊ एकमेकांना धरून उभे राहिले.

खरं सांगू? मला त्या मिठीचा राग आला. ती मिठी मारायला वर्ष मिळालं होतं त्यांना. त्यासाठी नागोजीचा चेंदामेंदा व्हायची गरज नव्हती.

तेरावा झाल्यावर दोघे भाऊ या अंगणात आले. जन्मभर सांभाळू म्हणाले. मनुबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला त्यो जोड द्या. आन् हे धूड हितं आणून टाका." भरमूने माझं पोट उघडून ४१७ चा पिनियन काढला. त्याचे सहाही दात शाबूत होते, त्याला काही झालं नव्हतं. कुंथुनाथांनी धोतराचं गाठोडं सोडलं. दाराजवळच्या ओट्यावर दोन खुंट्या ठोकून भरमूने क्राउन आणि पिनियन एकमेकांत बसवले. मनुबाईने पुढे होऊन मोठं चाक हाताने फिरवलं. लहानगं भराभर गिरक्या घेऊ लागलं. पूर्ण फेरा झाला, पण आवाज म्हणून आला नाही.

"एवढंच व्हतं व्हय?" ती म्हणाली.



आता श्रावण चालू आहे. सन सत्तेचाळीस. भरमू लोंढा स्टेशनात हमाली करतो. काल तो एक वर्तमानपत्र घेऊन आला आणि ओट्यावर बसून अडखळत वाचू लागला. मनुबाई तांदूळ निवडत होती. देशाचे दोन देश होणार, म्हणाला. सगळ्याची वाटणी व्हायची आहे. आगगाड्यांची, कचेऱ्यांतल्या टेबलखुर्च्यांची. फौजेच्या सामानाचीसुद्धा. ह्यांना इतका हिस्सा, त्यांना तितका.

मनुबाईचा हात थांबला. "लॉऱ्यांचीबी?"

"लॉऱ्यांचीबी, वैनी."

"आन् पेट्यांतलं सुटं सामान?"

"तेबी. सगळं मोजून देणार म्हणं. कुणी कमी म्हणायला नको."

 कुठल्या तरी गावात माणसं कापली, तेही भरमूने वाचलं. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. ती उठली, ओट्यावरच्या क्राउनला तिने एक फेरा दिला आणि पिनियन थांबेपर्यंत बघत राहिली.

"भावजी, तुमास्नी लिवाय येतंय नव्हं? लिवा त्यास्नी. म्हणावं, वाटा करायचा तर करा, पर पेटी उघडली की आदी आकडा बघा. दोन्हीवर एकच आकडा आसंल तर फोडू नगासा. एकाकडंच जाऊ द्या, कमी पडलं तरी चालंल. न्हायतर उतारावर जाणारा मरतोय. वाटणी करणारा मरत न्हाय."

भरमूने शिसपेन्सिल शोधली. वर्तमानपत्राच्या कडेला ते सगळं लिहिलं. मग मान वर करून विचारलं, "कुणाच्या नावानं धाडू?"

मनुबाईला सांगता येईना. मलाही ठाऊक नाही. तो कागद माझ्या गोळीच्या खड्ड्यात दगडाखाली ठेवलाय आणि वर नाव घालायची जागा कोरी आहे. पाऊस आला तर शाई नाही म्हणून बरं, पेन्सिलीचं लवकर पुसत नाही. तुमच्यापैकी कुणी ती वाटणी चाललीय तिकडे जाणारं असेल, तर तेवढा घेऊन जा.